कुलूप जगाचे, किल्ली आपली

गुपित राखण्याचा इतिहास राज्यांच्या इतिहासाइतकाच जुना आहे. परंतु शाळांतून जो इतिहास आपण शिकतो त्यात लढाया येतात, तह येतात, गादीवर कोण बसले हे येते. त्या लढायांची आणि तहांची पत्रे कोणी, कशी, कोणाच्या डोळ्यांआड राखली हे क्वचितच येते. हा विषय भूगावच्या श्रोत्यांपुढे मांडण्याचे कारण असे की, जी विवंचना एके काळी पेशव्यांच्या फडात किंवा एखाद्या पंथाच्या मठात असे, ती आता घरोघरी येऊन पोहोचली आहे. चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याने या गावात यावे, तो एकीकडे जुन्या शेतकऱ्यांची घरे दिसतात आणि दुसरीकडे नव्या वसाहती. घरे निराळी असली तरी दोन्हीकडे कागद आता पेटीत कमी आणि संगणकात व मोबाइलमध्ये अधिक आहेत. खरेदीखताची प्रत, मृत्युपत्राचा मसुदा, दवाखान्याचे अहवाल, बँकेचे तपशील, परदेशी गेलेल्या मुलांची पत्रे आणि छायाचित्रे, सारे काही तेथेच असते. या फायलींना कुलूप घालण्याचे साधन आज फुकट मिळते आणि ते साधन चांगलेही आहे. किल्ली मात्र ज्याची त्याने घडवावी लागते आणि ज्याची त्याने सांभाळावी लागते. ती कशी सांभाळावी, हे आपण आपल्याच महाराष्ट्राच्या इतिहासाला विचारून पाहू.

आरंभी दोन गोष्टी निराळ्या करून घेतल्या पाहिजेत. मजकूर गुप्त करण्याची एक रीत असते आणि त्या रीतीची एक किल्ली असते. वात्स्यायनाने चौसष्ट कलांत ‘म्लेच्छितविकल्प’ नावाची सांकेतिक लेखनाची कला गणली आहे. तिच्यावरील टीकेत ‘मूलदेवीय’ नावाचा एक प्रकार सांगितला आहे. त्यात अक्षरांच्या जोड्या लावून घेतात. ‘च’च्या जागी ‘ट’, ‘त’च्या जागी ‘प’, ‘य’च्या जागी ‘श’ आणि उलटही तसेच. येथे अक्षर बदलावयाचे ही रीत झाली. कोणते अक्षर कोणाच्या जागी, हा तक्ता म्हणजे किल्ली. या प्रकारात रीत आणि किल्ली जणू एकच होऊन बसतात. एकाला कळले की सगळ्यांना कळले. शिवाय भाषेत काही अक्षरे वारंवार येतात, काही क्वचित. ती मोजून तक्ता ओळखता येतो हे नवव्या शतकात बगदादच्या अल् किंदी या पंडिताने लिहून ठेवले. म्हणजे असे कुलूप चतुर माणसापुढे फार दिवस टिकत नाही.

तरीही या जातीच्या कुलपाने महाराष्ट्रात एक मोठा चमत्कार घडविला. चक्रधरस्वामींच्या महानुभाव पंथाने तेराव्या शतकाच्या अखेरीस मराठी गद्याचा पाया घातला. म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गावोगाव फिरून जमविल्या आणि ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले. पुढे देवगिरीवर खलजीची स्वारी आली, पंथातील मंडळी पोथ्या घेऊन पांगली आणि त्या धामधुमीत मूळ पोथी गेली, असे पंथाची परंपरा सांगते. तो ग्रंथ आज आपल्या हाती आहे तो हिराइसेसारख्या शिष्यांच्या स्मरणामुळे. ज्यांना तो मुखोद्गत होता त्यांच्याकडून तो पुन्हा लिहून घेण्यात आला. एका प्रतीवर विसंबले तर काय होते, आणि दुसरी प्रत माणसांच्या मनात असली तर काय वाचते, हे दोन्ही धडे या एका घटनेत आहेत.

यानंतर चौदाव्या शतकात पंथाने आपले ग्रंथ सांकेतिक लिपीत लिहिण्यास आरंभ केला. त्यांतील मुख्य ती ‘सकळ’ लिपी. ‘सह्याद्रिवर्णन’कार रवळोबास हे तिचे कर्ते मानले जातात. पुढे सुंदरी, पारमांडल्य, अंकलिपी, शून्यलिपी अशा आणखी लिप्या निघाल्या. किल्ली गुरूकडून शिष्याकडे जाई. पंथ महाराष्ट्रातून पंजाबापर्यंत पसरला, तेथे जयकृष्णी या नावाने ओळखला गेला, आणि मराठी पोथ्या त्याच लिपीत तिकडच्या मठांतही राहिल्या. या कुलपाचा एक फायदा निर्विवाद झाला. उघड्यावर असलेल्या ज्ञानेश्वरीत नकलाकारांच्या हातून इतके अपपाठ शिरले की, एकनाथांना १५८४ साली ती शुद्ध करण्याचे काम हाती घ्यावे लागले. महानुभावांच्या पोथ्यांना मात्र परक्या हातांचा स्पर्श फारसा झाला नाही आणि जुन्या मराठीची रूपे त्यांत पुष्कळशी टिकून राहिली.

परंतु तोटाही तेवढाच मोठा झाला. मराठी साहित्याचा आरंभ शोधणाऱ्यांना कित्येक वर्षे हे दालन बंदच होते. आपल्या भाषेचे आद्य गद्य आपल्याच भाषेच्या माणसांना वाचता येत नव्हते. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची किल्ली उलगडली, ठाण्याचे वि. ल. भावे यांनी पंथाचे ग्रंथ छापून लोकांपुढे ठेवण्याचे मनावर घेतले, पुढे य. खु. देशपांडे, ह. ना. नेने, वि. भि. कोलते यांनी ते काम वाढविले. तेव्हा कोठे मराठी वाङ्मयाच्या इतिहासाची पहिली पाने भरली गेली. लिपी साधी होती म्हणून ती उलगडली. आजच्या जातीचे कुलूप त्या काळी त्या पोथ्यांना असते आणि किल्ली जाणणारा शेवटचा महंत कोणास न सांगता गेला असता, तर दहा राजवाडे एकत्र बसूनही एक ओळ वाचू शकले नसते. किल्लीला दोन शत्रू असतात. एक चोर आणि दुसरा विसर. चोराची भीती सर्वांनाच असते. विसराची भीती बाळगणारे थोडे.

दुसरा प्रसंग पानिपतचा. १४ जानेवारी १७६१ रोजी जे घडले त्याची पक्की बातमी उत्तरेकडे निघालेल्या नानासाहेब पेशव्यांना वाटेत कळली ती एका सावकारी पत्राच्या जासुदाकडून, असे ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात दिले आहे. पत्रात लढाईचा शब्द नव्हता. दोन मोत्ये, सत्तावीस मोहरा आणि मोजता न येणारी चांदी-तांब्याची नाणी गमावल्याचा तो हिशेब होता. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ ही दोन मोत्ये, हे कोणाला शिकवावे लागले नाही. येथे किल्ली कागदावर कोठेच नव्हती. लिहिणारा आणि वाचणारा यांना जे समान ठाऊक होते तीच किल्ली. अशी किल्ली चोरीला जात नाही, पण तिची मर्यादाही उघड आहे. ज्याला परिस्थिती ठाऊक आहे असा तिसरा माणूसही ते पत्र वाचू शकला असता. आपल्या मुलाचे नाव, जन्मतारीख, गाडीचा क्रमांक, कुलदैवत ही ज्यांची परवल, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. जे शेजाऱ्याला ठाऊक आहे त्यात गुपित कसले?

तिसरी गोष्ट ‘ध चा मा’ची. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. रघुनाथरावांच्या आज्ञेत ‘धरावे’ असे होते, त्यातील एक अक्षर पालटून ‘मारावे’ केले गेले, ही आख्यायिका महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ती टिकून राहिली याचे कारण तिच्यात एक खरे भय आहे. कागद गुप्त असणे वेगळे आणि तो अस्सल असणे वेगळे. जुन्या कारभाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते. म्हणून पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब अशी पद्धत होती. मोर्तबाखाली कोणी एक शब्द वाढविला तर तो उघडा पडे. आजची डिजिटल स्वाक्षरी म्हणजे हेच मोर्तब, आणि अधिक कडक. मजकुरातील एक अक्षर बदलले तरी पडताळणीत ती स्वाक्षरी खोटी ठरते. १९७६ साली अमेरिकेत डिफी आणि हेलमन या दोघांनी जोडकिल्लीची कल्पना जगापुढे ठेवली. एक किल्ली जगजाहीर आणि तिची जोडीदार गुप्त. गुप्त किल्लीने सही करावयाची आणि जाहीर किल्लीने ती कोणीही पडताळून पाहावयाची. भारतात २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने अशा स्वाक्षरीला मान्यता दिली, आणि आज मुळशी तालुक्यातील जमिनीचा सातबाराही डिजिटल स्वाक्षरीचा मिळतो. ज्याच्या हाती गुप्त किल्ली त्याच्या हाती सही, हे मात्र कोणी विसरू नये. आपली स्वाक्षरीची किल्ली आणि तिचा परवलीचा शब्द दुसऱ्याच्या स्वाधीन करून निर्धास्त राहणे म्हणजे कोऱ्या कागदावर शिक्का मारून देणे होय.

मुळशीशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या सेनापती बापटांच्या चरित्रातही एक धडा आहे. १९२१ ते १९२४ या काळातील मुळशी सत्याग्रहाचे बापट सर्वांना माहीत आहेत. त्यापूर्वीचे बापट विलायतेत शिकणारे क्रांतिकारक होते. पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बाँबविद्येची माहिती मिळविण्यात त्यांचा भाग होता, आणि तिची इंग्रजीत उतरविलेली पुस्तिका हिंदुस्थानात येऊन पोहोचली. १९०८ साली कलकत्त्याजवळ माणिकतळा बागेच्या झडतीत तिची प्रत सापडली. १९०९ साली नाशिकला बाबाराव सावरकरांच्या घराच्या झडतीत तोच मजकूर सापडला. १९१८ च्या रौलट समितीच्या अहवालात या दोन प्रतींच्या सारखेपणाची नोंद आहे. मजकूर साध्या इंग्रजीत, साध्या कागदावर होता. एक प्रत वाचली गेली एवढेच नव्हे, तर दोन प्रतींनी कलकत्ता आणि नाशिक यांचा संबंध सरकारला जोडून दिला. जितक्या उघड्या प्रती, तितके धोके. संगणकातील फायलीला कुलूप घातले, पण तिचीच उघडी प्रत ईमेलमध्ये, मोबाइलमध्ये आणि झेरॉक्सवाल्याच्या यंत्रात राहिली, तर त्या कुलपाचा उपयोग काय?

आता रीत आणि किल्ली यांच्याकडे पुन्हा वळू. १८८३ साली केर्कहॉफ्स नावाच्या पंडिताने लष्करी गुप्तलेखनावर लिहिताना एक तत्त्व सांगितले. आपली रीत शत्रूच्या हाती पडली आहे असे समजूनच ती रचावी. सारा भरवसा किल्लीवर असावा. भूगावकरांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१७ सालच्या डिसेंबरात महाराष्ट्र केसरीची कुस्ती याच गावात झाली. त्या आखाड्यात उतरलेल्या प्रत्येक मल्लाला सगळे डाव ठाऊक होते. डाव गुप्त ठेवून कोणी केसरी होत नाही. आज जगभर जी ‘एईएस’ नावाची रीत वापरतात ती दोन बेल्जियन शास्त्रज्ञांनी रचली, खुल्या स्पर्धेत जगाने तपासली आणि २००१ साली अमेरिकेत प्रमाण म्हणून स्वीकारली गेली. तिचे सारे गणित छापील आहे. तरीही किल्लीवाचून ती उघडत नाही. म्हणून कुलूप जगाचे असले तरी चालेल, किंबहुना ते जगाचेच असावे. किल्ली मात्र आपली हवी.

आणि माणूस चुकतो तो किल्लीतच. दुसऱ्या महायुद्धातील जर्मनांचे एनिग्मा यंत्र मोठे अवघड होते. परंतु ते चालविणारे शिपाई कंटाळ्याने ओळीने येणारी अक्षरे किंवा ओळखीची नावे किल्ली म्हणून निवडीत, आणि शत्रूच्या गणितज्ञांना त्यातून वाट सापडे. आपणही तेच करतो. यावर उत्तम उपाय म्हणजे एका शब्दाऐवजी परवलीचे वाक्य घ्यावे, आणि त्यातील शब्द आपण निवडू नयेत, फाशांनी निवडावेत. १९९५ साली अर्नॉल्ड राइनहोल्ड या अमेरिकन गृहस्थाने ही युक्ती प्रसिद्ध केली. फासा पाच वेळा टाकला म्हणजे ७,७७६ शब्दांच्या यादीतील एक शब्द मिळतो. असे सहा शब्द घेतले तर होणारी वाक्ये २२ वर २२ शून्ये इतकी भरतात. सारी एकामागून एक लावून पाहणे हे काम कोणा चोराच्या आवाक्यातले नाही. अभंगाची ओळ, नाट्यपदाचे ध्रुपद किंवा प्रसिद्ध म्हण मात्र घेऊ नये. ती आपल्या तोंडी आहे तशी चोराच्या यादीतही आहे. असे वाक्य पाठ होईपर्यंत रोज दोनदा लिहावे. आपली परंपरा पाठांतराची आहे, सहा शब्द जड जाऊ नयेत. दर महिन्याला ते बदलण्याची मात्र गरज नाही. सक्तीने बदलावयास लावले की माणूस शेवटी एक आकडा वाढवितो आणि थांबतो. २०१७ साली अमेरिकेच्या प्रमाणसंस्थेनेही ही सक्ती नको असाच सल्ला दिला. गुपित फुटल्याचा संशय आला, तर मात्र त्याच दिवशी बदलावे.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बँकेचा परवलीचा शब्द विसरला तर बँक ओळख पटवून नवा देते, कारण तेथे पहारेकरी आहे. कुलूपबंद फायलीला पहारेकरी नाही. तेथे केवळ गणित आहे. परवलीचे वाक्य गेले तर ते साधन बनविणारा, पोलीस किंवा न्यायालय, कोणीही ती फाइल उघडून देऊ शकत नाही. चोराला अडविणारी ताकद तीच, आणि वारसालाही तीच अडविते. घरचा कर्ता अकस्मात गेला आणि त्याच्याबरोबर ते सहा शब्दही गेले, तर मागे राहिलेल्या पत्नीला विम्याचा कागद, मुलीला वडिलांचे लेखन आणि भावांना वाटणीचा हिशेब कायमचा बंद होतो. महानुभावांचे ग्रंथ पुढे सापडले. हे सापडणार नाहीत.

मग करावे काय? याचेही उत्तर जुन्या व्यवहारात आहे. सावकारी हुंडी वाटेत गहाळ झाली तर दुसरी प्रत निघे, तिला ‘पेठ’ म्हणत. तीही गेली तर ‘परपेठ’. रकमेत फेरफार होऊ नये म्हणून आकडा लिहून त्याची निम्मी रक्कम आणि तिची दुप्पट असेही लिहीत. हरवणे आणि बनावट या दोहोंचा विचार व्यापाऱ्याने आधीच करून ठेवलेला असे. तसेच फायलीच्या दोन तरी कुलूपबंद प्रती असाव्यात, एक घरी आणि एक घराबाहेर. परवलीचे वाक्य संगणकाजवळ लिहून ठेवू नये. कागदावर लिहून, लिफाफा बंद करून, बँकेच्या लॉकरमध्ये किंवा मृत्युपत्राबरोबर ठेवावे. पुष्कळ साधनांत परवलीचे वाक्य केवळ आतल्या खऱ्या किल्लीची डबी उघडते. तेथे त्या डबीचीही निराळी प्रत असावी. ती खराब झाली तर वाक्य आठवूनही उपयोग होत नाही.

ज्याला एकाच माणसावर विसंबावयाचे नाही त्याने शिवकालीन गडांची व्यवस्था आठवावी. सभासद बखरीत सांगितले आहे की, गडावर हवालदार, सबनीस आणि सरनोबत असे तिघे एकाच तोलाचे अधिकारी नेमीत आणि कारभार तिघांनी मिळून करावयाचा असे. एकट्याच्या फितुरीने गड जाऊ नये, हा त्यातील हेतू. हीच गोष्ट १९७९ साली शमीर नावाच्या इस्रायली गणितज्ञाने किल्लीच्या बाबतीत गणिताने साधली. एका गुपिताचे पाच हिस्से करावेत. कोणतेही तीन एकत्र आले तर गुपित उलगडते, दोन आले तर काहीच कळत नाही. एक हिस्सा पत्नीपाशी, एक मुलीपाशी, एक भावापाशी, एक वकिलापाशी, एक लॉकरमध्ये. एखादा हरवला तर अडत नाही, आणि एखाद्याच्या मनात पाप आले तरी बिघडत नाही. विश्वास ठेवावा, पण तो वाटून ठेवावा, हे आपल्या पूर्वजांचे शहाणपण त्यात आहे.

शेवटची सूचना तपासणीची. आपण खंडेनवमीला शस्त्रे पुसतो, दिवाळीत वहीपूजन करतो. त्यातील एका दिवशी वर्षातून एकदा ती घराबाहेरची प्रत आणावी आणि लिफाफ्यातील वाक्याने ती खरोखर उघडते की नाही हे पाहावे. ज्याला उद्या ती उघडावी लागणार आहे त्याच्या हातून उघडवावी. आपण केवळ शेजारी बसावे. जेथे हात अडखळेल तेथे सूचना अधिक स्पष्ट लिहावी.

सारांश, गुप्तता ही एकट्याची चैन नाही, ती एक ठेव आहे. राजवाडे-भावे यांच्यासारखे लोक जन्मास आले म्हणून एका पंथाचे धन सगळ्या महाराष्ट्राचे झाले. आपल्या घरच्या फायलींसाठी कोणी राजवाडे येणार नाहीत. चोराला बंद आणि वारसाला उघडे असे घर ठेवण्याचे काम ज्याचे त्यानेच, आणि हातपाय चालतात तोवरच, करून ठेवले पाहिजे.